समुद्रातला बोया आणि शाळेतली पावसाची बाटली

(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान, पूरक पाठ)



मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गात एक चूक झाली. चूक मुलांची नव्हती, माझीच होती. त्या चुकीतून हा पाठ तयार झाला, म्हणून आधी तीच सांगते.

आमची शाळा बोरी नदीच्या बाजूच्या एका गावात आहे. जूनमध्ये मुलांनी प्लॅस्टिकची मोठी बाटली कापून पर्जन्यमापक बनवलं. वरचा भाग उलटा करून नरसाळं केलं, बाहेरून मोजपट्टी चिकटवली आणि बाटली कुंपणाजवळ ठेवली. रोज सकाळी परिपाठानंतर दोन मुलं जाऊन वाचन घ्यायची आणि वहीत लिहायची. पहिले पंधरा दिवस सगळ्यांना फार उत्साह होता. नंतर मी दुसऱ्या कामांत गुंतले. जुलैत वहीत सलग चार दिवस शून्य लागलं. पाचव्या दिवशी एक मुलगा भिजलेलं दप्तर घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, मी पुरा वल्ला व्हयी गऊ, तरी बाटलीमा पानी कसं नही?"

जाऊन पाहिलं. नरसाळ्याच्या तोंडात निंबाची पानं आणि कोळ्याचं जाळं घट्ट बसलं होतं. पाणी वरच साचून बाहेर सांडत होतं. बाटली निंबाच्या झाडाखाली ठेवली होती, ही पहिली चूक. कोणी ती साफ करत नव्हतं, ही दुसरी. तिसरी चूक सगळ्यात मोठी. वही पुढे दाखवायची होती, म्हणून मी मुलांना म्हणाले, "त्या दिवसांचं अंदाजे लिहून टाका." मुलांनी लिहिलं : १०, १०, १२, ८. वही छान दिसू लागली. पण वही खोटी झाली आणि ते मीच शिकवलं.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्राचं वाचन चाललं होतं. 'अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा' अशी बातमी होती. एका मुलीने विचारलं, "मॅडम, समुद्रात कोण बसलंय मोजायला?" दुसऱ्याने लगेच जोडलं, "आणि त्यांची बाटली तुंबली तर?"

हा पाठ त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पाठाची उद्दिष्टे

१) समुद्रात तापमान, वारा, लाटा कशा मोजतात ते विद्यार्थ्यांना सांगता येणे.
२) प्रवाळाला एका अंशाचा फरक का महत्त्वाचा आहे ते समजणे.
३) मोजणाऱ्या यंत्राची निगा का राखावी लागते हे प्रयोगातून अनुभवणे.
४) जे मोजलं नाही ते 'मोजलं नाही' असंच लिहिण्याची सवय लागणे.

खान्देशातल्या मुलांना समुद्र कशाला?

हा प्रश्न एका पालकांनी मला विचारलाच. आपल्याकडून समुद्र लांब आहे, हे खरं. पण आमची बोरी तापीला मिळते, पांझरा आणि गिरणाही तापीलाच मिळतात आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. आपल्या शेतातली माती त्या पाण्याबरोबर तिकडे जाते. परत येताना तोच समुद्र ढग घेऊन येतो. कपाशीची पेरणी कधी करायची हे आपण आभाळाकडे बघून ठरवतो, आणि त्या आभाळाचं बरंचसं गणित समुद्राच्या तापमानावर ठरतं. नकाशावर मुलांना बोटाने तापीचा प्रवास करायला लावा. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटरनंतर बोट समुद्रात पोहोचतं. मग विचारा, "आता पुढे काय?" तिथून पाठ सुरू होतो.

बोया म्हणजे काय?

कोकणात जाळ्याला किंवा नांगराच्या दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेला बोया म्हणतात. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो त्याचा शिकलेला मोठा भाऊ समजा. पिवळ्या रंगाचा, तरंगणारा, आणि खाली साखळी-दोरीने समुद्राच्या तळाशी वजनाला बांधलेला. वरच्या खांबावर वारा, हवेचं तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारी उपकरणं असतात. पाण्यात तापमान, खारटपणा आणि प्रवाह मोजणारी. सौर पट्ट्या आणि बॅटरीवर हे सगळं चालतं आणि मोजलेले आकडे उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतात.

भारतात या कामाची सुरुवात १९९६ मध्ये राष्ट्रीय माहिती बोया कार्यक्रमाने झाली. हे काम चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयओटी, करते. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्हीकडे त्यांचे बोये आहेत. खोल समुद्रातल्या काही बोयांच्या दोरीवर वरपासून ५०० मीटर खोलीपर्यंत ठिकठिकाणी उपकरणं लावलेली असतात. ही माहिती हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे, म्हणजे इन्कॉइसकडेही जाते. मच्छीमारांना लाटांचा इशारा, त्सुनामीची सूचना, प्रवाळांबाबतचा इशारा हे सगळं इन्कॉइस देतं. आपल्या महाराष्ट्रात रत्नागिरीच्या समुद्रातही इन्कॉइसचा लाटा मोजणारा बोया आहे.

आपला पाठ मात्र लक्षद्वीपचा आहे. तिथे अगत्ती बेटाजवळ एनआयओटीचा एक बोया आहे. उपग्रहाने वरून मोजलेली माहिती बरोबर आहे का, हे प्रत्यक्ष पाण्यात ताडून पाहण्यासाठी त्याचा उपयोग होतो. मुलांना हे असं सांगा : उपग्रह म्हणजे गच्चीवरून अंगणात डोकावणारा माणूस. त्याला सगळं अंगण एका नजरेत दिसतं, पण फरशी किती तापली आहे हे पाय ठेवल्याशिवाय नक्की कळत नाही. बोया म्हणजे तो पाय. शिवाय दाट ढग असले की उष्णतेच्या किरणांवरून तापमान मोजणाऱ्या उपग्रहाला खालचा समुद्र दिसत नाही. बोयाला ढगांची अडचण नाही.

प्रवाळ आणि एक अंश

लक्षद्वीपची ३६ बेटं प्रवाळांनीच तयार झालेली आहेत. त्यांतल्या दहा बेटांवर माणसं राहतात. बेटं समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. भोवतीची प्रवाळाची भिंत लाटा अडवते म्हणून बेट टिकतं.

अंगठीतलं पोवळं मुलांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्यांना प्रवाळ म्हणजे दगड वाटतो. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे. बारीक बारीक जीव एकत्र राहतात आणि चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. प्रवाळाला रंगही त्याच्यामुळेच येतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की ही भागीदारी तुटते. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. याला प्रवाळ विरंजन म्हणतात. पाणी लवकर थंड झालं तर प्रवाळ सावरतो. तापमान तसंच राहिलं तर उपाशी मरतो.

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठं विरंजन झालं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घ अभ्यासात असं दिसलं की १९९८ साली सुमारे ३७ टक्के असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन २०२२ मध्ये सुमारे १९ टक्क्यांवर आलं. म्हणजे जवळजवळ निम्मं. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं. त्या वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले.

आता गणिताचा तास. हा भाग सहावी-सातवीला नक्की घ्या.

एखाद्या ठिकाणच्या सगळ्यात उष्ण महिन्याचं जे सरासरी तापमान असतं, त्याच्यापेक्षा पाणी किती अंश जास्त आहे ते आठवड्याला बघतात. फरक १ अंश किंवा त्याहून जास्त असेल तरच तो धरतात आणि गेल्या बारा आठवड्यांतले असे फरक मिळवत जातात. बेरीज ४ झाली की विरंजनाचा धोका ठळक होतो. ८ झाली की प्रवाळ मोठ्या प्रमाणात मरण्याची भीती असते.

फळ्यावर हे चार आठवडे लिहा (आकडे सरावासाठी घेतलेले आहेत) :

पहिला आठवडा : १.०
दुसरा आठवडा : १.५
तिसरा आठवडा : ०.८ (एकपेक्षा कमी, धरायचा नाही)
चौथा आठवडा : १.५

बेरीज ४.०. म्हणजे इशारा.

आता समजा, मोजणारं उपकरण बिघडलं आणि ०.३ अंश कमी दाखवू लागलं. तेच आठवडे आता असे दिसतील : ०.७, १.२, ०.५, १.२. पहिला आठवडाही गळाला. बेरीज फक्त २.४. समुद्र तोच, प्रवाळ तोच, उष्णता तीच, पण कागदावर सगळं ठीक!

आमच्या वर्गात हे गणित झाल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "म्हणजे आपल्या बाटलीसारखंच." मी म्हटलं, "हो. अगदी तसंच."

एक गोष्ट मात्र मुलांना स्पष्ट सांगा. प्रवाळाच्या इशाऱ्याचं मूळ गणित उपग्रहाच्या तापमानावर होतं. इन्कॉइस २०११ पासून तशी सूचना देतं. बोया त्या तापमानाची साक्ष देतो. साक्षीदारच चुकीचं बोलला तर खरं कोणाचं मानायचं? म्हणून बोयाची प्रकृती सांभाळावी लागते.

बोया आजारी कसा पडतो?

मुलांना आधी अंदाज करू द्या. आमच्या वर्गात "बॅटरी संपते", "मासा चावतो", "चोर नेतो" अशी उत्तरं आली. तिन्हीत तथ्य आहे! मी फळ्यावर पाच कारणं लिहिली.

१) अंगावर थर चढणे. समुद्रात काहीही ठेवलं की काही दिवसांत त्यावर बुळबुळीत थर येतो. मग शेवाळ, मग शिंपल्यासारखे चिकटून बसणारे जीव. आपल्या हौदाला शेवाळ धरतं तसंच, पण फार वेगाने. खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. त्याची नळी आतून थराने अरुंद झाली की ते पाणी आहे त्यापेक्षा कमी खारट दाखवतं. पालकांना हे लगेच कळतं, कारण ठिबकच्या नळ्या अशाच तुंबतात. ड्रीपर चोक झाला तरी मोटर चालू दिसते, मीटर चालू दिसतो, फक्त झाडाला पाणी मिळत नाही. म्हणून आपण नळ्या फ्लश करतो, आम्ल प्रक्रिया करतो. बोयाचंही तेच.

२) गंज. खारं पाणी लोखंड खातं. त्यावर एक हुशार उपाय आहे. लोखंडाला जस्ताचा तुकडा जोडून ठेवतात. जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. जस्त संपत आलं की नवा तुकडा लावतात. गोठ्यावरच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो तो याचसाठी.

३) दावं तुटणे. बोया म्हणजे खुंट्याला बांधलेली गाय. दावं जेवढं लांब तेवढ्या गोलात ती फिरते. वारा-प्रवाहाप्रमाणे बोयाही एका गोलात फिरतो. रोज हजारो लाटांनी साखळी आणि तिच्या जोडकड्या एकमेकींवर घासतात आणि पातळ होतात. एक दिवस कडी तुटते. बोया गोलाबाहेर गेला की त्याच्या ठिकाणावरून ते किनाऱ्यावर कळतं आणि शोधाशोध सुरू होते.

४) पक्षी. समुद्राच्या मधोमध बसायला ही एकच जागा! सौर पट्टीवर विष्ठा पडली की वीज कमी तयार होते. वाऱ्याच्या उपकरणावर पक्षी बसला की वारा 'थांबतो'.

५) माणूस. तरंगत्या वस्तूखाली सावलीला मासे जमतात, म्हणून मच्छीमार तिथे येतात. कोणी होडी बोयाला बांधतं, कुठे जाळं अडकतं, कधी कोणी सौर पट्टी किंवा बॅटरीच काढून नेतं. म्हणून एनआयओटीची माणसं मच्छीमारांच्या गावांत जाऊन बोया कशासाठी आहे ते समजावतात. वादळाचा इशारा पहिल्यांदा ज्याच्या कामी येणार तो मच्छीमारच, हे त्याला कळलं की तोच राखण करतो.

पाचव्या मुद्द्यावर वर्गात चर्चा घ्या. गावातला सौर दिवा, पाण्याच्या टाकीचा वॉल, शाळेचा नळ यांचं कोण काय करतं, हे मुलांना चांगलं माहीत असतं.

दुरुस्ती कशी करतात?

खोल समुद्रातल्या बोयाकडे जायला मोठं जहाज लागतं. एनआयओटीकडे सागर निधी, सागर मंजुषा अशी जहाजं आहेत. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा असं काम कठीण. म्हणून शांत दिवस बघून मोहीम आखतात. पावसाळ्याआधी आपण घराचं छप्पर बघून घेतो तसं.

कामाचा क्रम मुलांना गोष्टीसारखा सांगा.

आधी ताडून पाहायचं. बोयाला हात लावण्याआधी जहाजावरचं तपासलेलं उपकरण जवळच्या पाण्यात सोडतात आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवतात. आधी साफ केलं तर बिघाड किती होता ते कधीच कळणार नाही. डॉक्टर औषध देण्याआधी ताप मोजतात, तसंच हे.

मग सोडवायचं. तळ काही हजार मीटर खोल असेल तर तिथे पाणबुड्या माणूस जाऊ शकत नाही. म्हणून वजनाच्या वर एक खास आकडी बसवलेली असते. जहाजातून ठरावीक ध्वनिसंकेत पाण्यात सोडला की ती आकडी आपोआप उघडते. वजन तळाशी राहतं, दोरी आणि बोया मोकळे होतात. हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात. पाण्यातून रेडिओच्या लहरी लांब जात नाहीत, आवाज मात्र लांब जातो. ध्वनीच्या पाठाला इथे जोडून घ्या.

मग उघडायचं, पण जपून. बॅटरीतून निघालेला वायू बंद बोयात साठलेला असू शकतो. म्हणून झाकण एकदम उघडत नाहीत, आधी हवा खेळू देतात.

मग घासणं-पुसणं. चढलेला थर खरवडायचा, जस्त बदलायचं, झिजलेल्या कड्या बदलायच्या. कडी अजून 'चालेल' अशी वाटली तरी तिची जाडी मोजूनच ठरवायचं.

मग उपकरणं बदलायची. जुनी उपकरणं काढून तपासलेली नवी लावतात. जुनी टाकून देत नाहीत. प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा तपासतात की वापरात असताना ती किती चुकू लागली होती. बाजार समितीतला वजनकाटा वेळोवेळी तपासून शिक्का मारून घेतात, त्यातलाच हा प्रकार. फरक सापडला तर आधीच्या आकड्यांसमोर तशी खूण करतात.

प्रवाळाजवळच्या उथळ पाण्यात काम आणखी नाजूक असतं. तिथे पाणबुडे खाली जाऊन साखळी तपासतात. वजन प्रवाळावर ठेवून चालत नाही, वाळूची मोकळी जागा शोधावी लागते. साखळी तळावर लोळत राहिली तर गोल फिरून फिरून खालचं सगळं खरवडून काढते. म्हणून मध्ये एक छोटा तरंगता गोळा बांधून साखळी तळापासून उचलून धरता येते. खरवडलेला थर आणि रंगाचे कण प्रवाळावर पडू द्यायचे नसतात. प्रवाळाची प्रकृती मोजायला गेलो आणि प्रवाळच मोडला, असं व्हायला नको. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार प्रवाळाला संरक्षण आहे. सहलीला मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आहेत. त्यांवर पाय ठेवायचा नाही आणि तुकडा खिशात घालून आणायचा नाही, हे निघण्याआधीच सांगा.

वर्गात करायच्या कृती

कृती १ : तापमापक खरं बोलतो का?
शाळेतले तीन तापमापक घ्या (पाऱ्याचे नकोत, लाल द्रवाचे घ्या). एकाच भांड्यातल्या पाण्यात ठेवून वाचन घ्या. मग बारीक केलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात ठेवा. वितळत्या बर्फाचं तापमान ० अंश असतं, म्हणजे कोण किती चुकतोय ते कळेल. प्रत्येकावर चिठ्ठी लावा : 'हा १ अंश जास्त दाखवतो.' आमच्या तिघांपैकी एकच खरा निघाला.

कृती २ : थराचा परिणाम
दोन सारख्या बाटल्यांत सारखं पाणी भरा. एकीला बाहेरून ओल्या मातीचा जाड लेप द्या. दोन्हींत तापमापक ठेवून त्या उन्हातून सावलीत आणा आणि दर पाच मिनिटांनी वाचन घ्या. दोन्ही बाटल्यांच्या वाचनांत काय फरक दिसतो?

कृती ३ : जस्ताची राखण
दोन ग्लासांत मिठाचं पाणी घ्या. एकात साधा खिळा ठेवा, दुसऱ्यात जस्ताचा मुलामा असलेली तार घट्ट गुंडाळलेला खिळा. चार दिवस निरीक्षण करा.

कृती ४ : प्रामाणिक वही
नोंदवहीत हे पाच रकाने पाडा : दिनांक, वाचन, यंत्र साफ केलं का, कोणी, शेरा. शेऱ्यात तीनच अक्षरं : 'ठ' म्हणजे ठीक, 'श' म्हणजे शंका, 'न' म्हणजे मोजलं नाही. शास्त्रज्ञही समुद्रातल्या आकड्यांना अशा खुणा करतात. 'न' लिहिलं म्हणून कोणाला रागवायचं नाही, हा नियम आधी शिक्षकांनी पाळायचा.

पालकांसाठी थोडंसं

पालकसभेत मी हा पाठ थोडक्यात सांगितला. एक पालक उठले. त्यांच्या मेव्हण्यांची रावेरकडे केळी आहे. म्हणाले, "मॅडम, हे समुद्राचं राहू द्या, आमचंच आहे हे." आपल्याला माहीतच आहे, जळगाव जिल्ह्यात केळीला हवामानावर आधारित विमा असतो. तापमान ठरावीक दिवस सलग ठरावीक अंशांच्या वर किंवा खाली गेलं तर भरपाई मिळते, आणि ते तापमान ठरवतं हवामान केंद्रातलं यंत्र. एका अंशाच्या अलीकडे-पलीकडे एका घराचं वर्ष असतं. ते यंत्र झाडोऱ्यात गेलं की मोकळ्यावर आहे, कोणी साफ केलं का, हे प्रश्न तिथेही तेवढेच खरे आहेत.

त्या दिवशी मला माझ्या "अंदाजे लिहून टाका" या वाक्याचं वजन कळलं. आज वहीत अंदाजे १० लिहिणारं मूल उद्या मोठं होऊन कुठल्यातरी नोंदवहीसमोर बसेल. दवाखान्यात, धरणावर, हवामान केंद्रात किंवा समुद्रावरच्या जहाजात. तेव्हा त्याला कोणती सवय असेल, ते आपल्या वर्गात ठरतं.

म्हणून घरीही मुलांना अशी कामं द्या. पाण्याच्या टाकीची पातळी लिहायची, विजेच्या मीटरचं वाचन घ्यायचं, कोठीतल्या धान्याला कीड लागली का बघायचं. मूल विसरलं तर 'विसरलो' असं लिहू द्या. त्यासाठी रागवू नका.

समारोप

समुद्राला कोणी थंड करू शकत नाही, हे मुलांना खरं सांगितलं पाहिजे. इशारा आला म्हणून प्रवाळ लगेच वाचत नाही. पण वेळेवर कळलं तर त्या काळात प्रवाळावरचा बाकीचा भार कमी करता येतो. शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी करणाऱ्या माशांची मासेमारी कमी करता येते, तळ खोदायची कामं पुढे ढकलता येतात, पाणबुड्यांना पाहणीसाठी पाठवता येतं. कुठले प्रवाळ तगले ते नोंदवता येतं. हे सगळं एका खऱ्या आकड्यावर उभं आहे. आणि तो आकडा खरा राहतो, कारण कोणीतरी हलत्या जहाजावर उभं राहून बोयाला चिकटलेले शिंपले खरवडत असतं. त्या माणसाचं नाव बातमीत येत नाही.

आमच्या वहीतली जुलैची ती चार वाचनं आम्ही खोडली. खोडरबराने पुसली नाहीत, एक आडवी रेघ मारली, म्हणजे खालचं दिसतं. समोर शेरा लिहिला : 'न. बाटली तुंबली होती.' खाली मी सही केली. बाटली आता झाडापासून दूर मैदानात आहे आणि दर सोमवारी एक जोडी ती साफ करते. ज्याने "वल्ला व्हयी गऊ" म्हटलं होतं, तो सध्या 'दुरुस्ती प्रमुख' आहे. खिशात जुना दात घासायचा ब्रश घेऊन फिरतो.

स्वाध्याय

१) बोयाला हात लावण्याआधी शेजारी दुसरं उपकरण का सोडतात?
२) फरक असे आहेत : १.२, ०.९, १.४, १.६. कोणते धराल? बेरीज किती? इशारा द्याल का?
३) तेच उपकरण ०.३ अंश कमी दाखवत असेल तर बेरीज किती होईल?
४) तुमच्या गावात मोजणारी कोणती यंत्रं आहेत? त्यांची निगा कोण राखतं? विचारून लिहा.
५) 'मोजलं नाही' असं लिहिणं आणि अंदाजे आकडा लिहिणं यांत काय फरक आहे? पाच ओळींत लिहा.

(शिक्षकांसाठी उत्तरं : दुसऱ्यात १.२, १.४ आणि १.६ धरायचे, बेरीज ४.२, इशारा द्यायचा. तिसऱ्यात ०.९, ०.६, १.१, १.३ दिसतील, त्यांतले शेवटचे दोनच धरले जातील, बेरीज २.४.)

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा. त्यांतले चांगले प्रश्न पुढच्या पाठात घेऊ.